पेनड्राइव्ह दुरुस्त करण्याआधी त्याची इमेज काढा

माननीय संपादक,

महोदय,

आपल्या पुरवणीत ‘पेनड्राइव्ह उघडत नाही, काय करू?’ या प्रश्नाला उत्तर देताना आधी चेक डिस्क चालवा, नाही जमले तर फॉरमॅट करा आणि मग डेटा परत मिळवणारे सॉफ्टवेअर वापरा, असा क्रम सांगितला होता. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी उपयोगाच्या आहेत, पण त्यांच्या आधी करायची गोष्टच राहून गेली. चेक डिस्क ही विंडोजची कमांड नावाने तपासणी करत असली तरी दुरुस्तीचा पर्याय दिला की ती पेनड्राइव्हवर लिहिते. फाइलींच्या तुकड्यांच्या तुटलेल्या साखळ्या कापते, सुटलेले तुकडे सीएचके नावाच्या फाइलींत टाकते आणि मूळ फोल्डरांतील नोंदी बदलते. झटपट फॉरमॅटने आशय पुसला जात नाही हे खरे, पण फॅट३२ या साठवण्याच्या पद्धतीत फाइलचा कोणता तुकडा कोणत्यामागे लागतो याचा तक्ता कोरा होतो. सलग साठवलेला फोटो तरीही सापडतो. विखुरलेल्या तुकड्यांची मोठी फाइल मात्र पुन्हा जोडता येत नाही, आणि मग कितीही चांगले सॉफ्टवेअर आणले तरी ते वरातीमागून घोडेच.

म्हणून ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे का?’ असे विंडोजने विचारले की नाही म्हणावे. मॅकवर ‘डिस्क वाचता येत नाही’ असा संदेश आला तर इग्नोर हे बटण दाबावे, इनिशियलाइज नव्हे. मग पेनड्राइव्हची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर करावेत. हे काम कमांड लाइनवरून, म्हणजे आदेश टाइप करून, फुकट होते आणि दोन-तीन ओळींत आटोपते. मात्र त्यातली एक चूक डेटा कायमचा घालवू शकते, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

इमेज म्हणजे पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत पेनड्राइव्हवर जे आहे ते जसेच्या तसे एका फाइलीत उतरवणे. कॉपी-पेस्टने फक्त दिसणाऱ्या फाइली येतात. पार्टिशनचा म्हणजे डिस्कच्या विभागांचा तक्ता, संगणक सुरू करताना लागणारा बूट सेक्टर, फाइल सिस्टिमच्या म्हणजे फाइली मांडण्याच्या व्यवस्थेच्या नोंदी, पुसलेल्या पण अजून जागेवर असलेल्या फाइली, यांतले काही येत नाही. फाइल सिस्टिमच बिघडली असेल तर कॉपी करायला समोर काही दिसतच नाही. इमेज काढणारी कमांड फाइल सिस्टिमकडे बघतही नाही, तिला फक्त सेक्टर वाचता आले पाहिजेत. याची दुसरी बाजू अशी की १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर एकच फोटो असला तरी इमेज १६ जीबीचीच होते.

छपाईच्या सोयीसाठी कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. सुडो, माउंट, स्टेटस, प्रोग्रेस असे शब्द शब्द म्हणून, बाकीची अक्षरे उच्चाराप्रमाणे एकेक. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही, सोडली तर कमांड चालतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पेनड्राइव्ह ओळखण्यात. लिनक्समध्ये यूएसबीला लावलेली प्रत्येक डिस्क डेव्ह या फोल्डरात एसडीए, एसडीबी, एसडीसी अशा नावाने दिसते. हे नाव डिस्कच्या अंगावर कोरलेले नसते, ज्या क्रमाने त्या सापडल्या त्या क्रमाने मिळते. आज एसडीबी असलेला पेनड्राइव्ह उद्या एसडीसी असू शकतो, आणि मधेच सुटून पुन्हा जोडला गेला तर आजच. म्हणून आधी पेनड्राइव्ह न लावता ही ओळ चालवा, मग लावून पुन्हा चालवा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल,सिरियल,ट्रॅन,आरओ,माउंटपॉइंट

स्तंभांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली तर उत्तम. दुसऱ्या वेळी जी ओळ नव्याने आली तो आपला पेनड्राइव्ह. ट्रॅनच्या स्तंभात यूएसबी असे दिसले पाहिजे आणि आकार जुळला पाहिजे. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, ही कमांड १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे १६ जीबीचा पेनड्राइव्ह १४.९ च्या आसपास दिसतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आकार शून्य दिसला तर मात्र तो रिकामा कार्ड रीडर असेल किंवा पेनड्राइव्हचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रण चिप, मेमरीपर्यंत पोहोचत नसेल. दुसऱ्या शक्यतेत कमांड लाइनचा काही उपयोग नाही.

एक फसवी जागा सांगायलाच हवी. विंडोजच्या संगणकावर हे काम करायचे तर लाइव्ह लिनक्सवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्सवरून, संगणक सुरू करणे सगळ्यात सरळ, कारण विंडोजमध्ये इमेज काढणारी डीडी ही कमांड मुळात नसते. पण लाइव्ह लिनक्स ज्या पेनड्राइव्हवर आहे तोही त्याच यादीत, तशाच नावाने आणि कधी कधी त्याच आकाराचा दिसतो. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर मॉडेलही सारखेच. अशा वेळी सिरियल क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि एसडीबीऐवजी /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरातील लांबलचक नाव वापरावे. त्या नावात मॉडेल आणि सिरियल दोन्ही असतात आणि पेनड्राइव्ह काढून परत लावला तरी ते बदलत नाही.

एसडीबी आणि एसडीबी१ यांतला फरकही नीट समजून घ्या. एसडीबी म्हणजे अख्खा पेनड्राइव्ह, एसडीबी१ म्हणजे त्यावरचे पहिले पार्टिशन. पूर्ण इमेज हवी तर आकडा लावायचा नाही. फक्त एसडीबी१ ची इमेज काढली तर पार्टिशनचा तक्ता आणि सुरुवातीचा भाग मागे राहतो, आणि ती इमेज नव्या पेनड्राइव्हवर टाकून संगणक बूट करायचा प्रयत्न केला की काहीच होत नाही.

यापुढे खालच्या सगळ्या ओळींत पेनड्राइव्ह एसडीबी आहे असे धरले आहे. आपले नाव वेगळे असेल तर बदलून घ्या. डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावताच तो आपोआप माउंट होतो, म्हणजे वापरासाठी उघडला जातो. या स्थितीत इमेज काढली तर वाचन चालू असताना मागून लिखाणही होऊ शकते आणि इमेजचा अर्धा भाग आधीचा, अर्धा नंतरचा असा येतो. म्हणून:

सुडो युमाउंट /डेव्ह/एसडीबी१

सुडो म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. कमांडच्या नावात यू नंतर थेट माउंट येते, मधले एन अक्षर नाही. पार्टिशन दोन असतील तर दोन्ही उतरवा. फाइल मॅनेजरमधले इजेक्ट बटण दाबू नका, कारण त्याने डिस्क यादीतूनच जाऊ शकते. त्यानंतर

सुडो ब्लॉकडेव्ह --सेटआरओ /डेव्ह/एसडीबी

ही ओळ दिली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या डिस्कवर लिहू देत नाही. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला की ही खूण जाते, तेव्हा दर वेळी पुन्हा द्यावी लागते. हे कुलूप सॉफ्टवेअरचे आहे. पुरावा म्हणून जपायचा डेटा असेल तर राइट ब्लॉकर हे वेगळे यंत्रच लागते, कारण पेनड्राइव्ह लावल्यापासून ही कमांड देईपर्यंतच्या काही सेकंदांत माउंट होऊन नोंदी बदललेल्या असू शकतात. विंडोज सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचे फोल्डर बनवते, मॅक स्पॉटलाइटच्या आणि कचऱ्याच्या लपवलेल्या फाइली टाकते. आपण काहीच केले नाही असे वाटत असताना एवढे होऊन गेलेले असते.

आता मुख्य ओळ. पेनड्राइव्ह धडधाकट असेल तर:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीबी ओएफ=पेन.आयएमजी बीएस=४एम स्टेटस=प्रोग्रेस

आयएफ म्हणजे कुठून वाचायचे, ओएफ म्हणजे कुठे लिहायचे. या दोघांची अदलाबदल झाली की इमेज काढण्याऐवजी पेनड्राइव्हवरच लिखाण सुरू होते. डीडी काही विचारत नाही, ‘नक्की ना?’ असेही म्हणत नाही. एंटर दाबले की संपले. जाणकारांनी या कमांडला डिस्क डिस्ट्रॉयर असे नाव उगाच पाडलेले नाही. ती १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून आहे आणि तिची ही इतर कमांडांशी न जुळणारी लिहिण्याची पद्धत आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरच्या जॉब कंट्रोल लँग्वेजमधून आली आहे. सेटआरओ आधी दिलेले असेल तर ही अदलाबदल झाली तरी लिखाण नाकारले जाते. तेवढ्यासाठी तरी ती ओळ टाळू नये.

बीएस म्हणजे एका वेळी किती उचलायचे. हा पर्याय दिला नाही तर डीडी ५१२ बाइटचे घास घेते. १६ जीबीसाठी असे ३ कोटी १२ लाखांहून जास्त घास होतात आणि वेळ विनाकारण वाढतो. ४ एमने तेच काम ३,८१५ घासांत होते. हे एम अक्षर लिनक्सवर मोठे लिहायचे. त्याहून मोठा आकार दिल्याने फारसे हाती लागत नाही, कारण पेनड्राइव्हचा वेगच आड येतो. यूएसबी २ चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात साधारण ३० ते ३५ एमबी मिळतात. त्या हिशेबाने १६ जीबीला ९ मिनिटांच्या आसपास आणि ६४ जीबीला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ धरून चाला. वेग सुरुवातीला चांगला असून मधेच एकदोन एमबीवर आला तर तो बहुधा पेनड्राइव्हच्या आजाराचा इशारा असतो. तेव्हा वाट पाहत बसू नका, खाली सांगितलेल्या डीडीरेस्क्यूकडे वळा.

काम संपल्यावर ‘३८१४+१ रेकॉर्ड्स इन’ अशा धाटणीची ओळ येते. अधिकच्या चिन्हाआधीचा आकडा पूर्ण घासांचा, नंतरचा अपुऱ्या घासांचा. शेवटचा घास अपुरा असणे स्वाभाविक आहे, त्यात बिघाड काही नाही. इन आणि आउटचे आकडे मात्र सारखे असले पाहिजेत.

इमेज ज्या डिस्कवर ठेवायची तिथेही लोक अडकतात. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पलीकडे जाऊ शकत नाही, नेमके सांगायचे तर ४,२९,४९,६७,२९५ बाइट. ८ जीबीच्या पेनड्राइव्हची इमेज फॅट३२ च्या बाह्य डिस्कवर काढायला गेलात तर ४ जीबीला ‘फाइल टू लार्ज’ म्हणून काम थांबते. डिस्कवर जागा भरपूर दिसत असते, त्यामुळे गोंधळ होतो. एक्सफॅट, एनटीएफएस किंवा एक्सटी४ ही फाइल सिस्टिम चालते. लाइव्ह लिनक्समध्ये होम फोल्डर हे रॅममध्ये असते, तिथे १६ जीबी मावणार नाहीत. बाह्य डिस्क माउंट करून तिचाच मार्ग द्या. नाव चुकवून ओएफमध्ये /डेव्ह/एसडीबीएक्ससारखे अस्तित्वात नसलेले काही लिहिले तर त्या नावाची साधी फाइल डेव्ह फोल्डरात तयार होते. ते फोल्डरही रॅममध्येच असते, म्हणून थोड्या वेळाने ‘जागा शिल्लक नाही’ असा विचित्र संदेश येतो. सुडोने काढलेली फाइल रूटच्या म्हणजे प्रशासकाच्या मालकीची होते, ती सीएचओडब्ल्यूएन कमांडने आपल्या नावावर करून घ्या.

आता दुखऱ्या पेनड्राइव्हबद्दल. साधी डीडी पहिल्या न वाचता येणाऱ्या सेक्टरपाशी ‘इनपुट/आउटपुट एरर’ म्हणून थांबते. यावर हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे ओळीच्या शेवटी कॉन्व्ह=नोएरर,सिंक लावा. हा सल्ला अर्धवट आहे, तोही धोकादायक प्रकारे. नोएरर म्हणजे चूक आली तरी पुढे जा. सिंक म्हणजे अपुरा घास शून्यांनी भरून पुरा करा, म्हणजे पुढचा डेटा आपल्या जागेवरून सरकणार नाही. नुसते नोएरर दिले तर जिथे वाचता आले नाही तिथून पुढचे सगळे मागे सरकते आणि फाइल सिस्टिमचे पत्ते चुकतात. पण सिंकसोबत ४ एमचा घास ठेवला तर एका ५१२ बाइटच्या खराब सेक्टरपायी त्याच्या आजूबाजूचा चांगला डेटाही शून्य होऊ शकतो. शिवाय शेवटचा घास ४ एमपर्यंत भरला जातो. नेमक्या १६०० कोटी बाइटच्या पेनड्राइव्हची इमेज अशा रीतीने १२,६९,७६० बाइटांनी मोठी निघते आणि मूळ डिस्कशी ताळा कधीच जमत नाही. डीडीच वापरायची असेल तर अशा वेळी बीएस ५१२ किंवा ४०९६ ठेवा आणि जाणारा वेळ सहन करा.

खरे साधन डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला हा ग्नू प्रकल्पातला प्रोग्रॅम. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू असे आहे, चालवायची कमांड मात्र जी वगळून. मधे अंडरस्कोर असलेला डीडी_रेस्क्यू हा निराळाच प्रोग्रॅम आहे, त्याचे पर्याय याला लागू पडत नाहीत. पहिली फेरी अशी:

सुडो डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एसडीबी पेन.आयएमजी पेन.मॅप

यात आधी सोपे ते पटापट उचलले जाते आणि अडणारी जागा सोडून पुढे जाता येते. कुठे काय झाले याची नोंद मॅप फाइलीत होते. मरणाऱ्या पेनड्राइव्हबाबत हाच शहाणपणा आहे: जे सहज मिळते ते आधी पदरात पाडून घ्या, हट्टी सेक्टरांशी झटापट नंतर. मग दुसरी फेरी:

सुडो डीडीरेस्क्यू -डी -आर३ /डेव्ह/एसडीबी पेन.आयएमजी पेन.मॅप

-डी म्हणजे कर्नलच्या तात्पुरत्या साठ्यातून न जाता डिस्कमधून थेट वाचणे, -आर३ म्हणजे खराब जागांवर आणखी ३ फेऱ्या. इमेज आणि मॅप यांची नावे दोन्ही वेळा तीच ठेवायची. मॅप फाइल लिहायला विसरलात किंवा नाव बदलले तर आधी काय वाचले ते त्याला कळत नाही आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. आधीच दमलेल्या पेनड्राइव्हला हे परवडत नाही. वीज गेली, पेनड्राइव्ह गरम होऊन सुटला, आपण कंट्रोल-सी दाबले, यांतले काहीही झाले तरी मॅपमुळे काम तिथूनच पुढे चालू होते. पेनड्राइव्ह मधेच गायब होत असेल तर थांबवा, तो थंड होऊ द्या, हबऐवजी संगणकाच्या मागच्या पोर्टात लावा आणि बाय-आयडीचे नाव देऊन पुन्हा चालवा. दुसऱ्या खिडकीत सुडो डीमेसेज -डब्ल्यू चालू ठेवला तर पेनड्राइव्ह सुटला की सेक्टर वाचता आला नाही हे तिथे लगेच दिसते. कमांडचे रोमन स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी.

डीडीरेस्क्यूचा आणखी एक गुण फार कोणी सांगत नाही. लिहायची जागा साधी फाइल नसून डिस्क असेल तर -एफ हा पर्याय दिल्याशिवाय ते कामच करत नाही. म्हणजे उलटसुलट लिहिण्याची जी चूक डीडीत जीवघेणी ठरते ती इथे नुसत्या संदेशावर निभावते. या एका कारणासाठी धडधाकट पेनड्राइव्हसाठीसुद्धा नवख्यांनी डीडीऐवजी डीडीरेस्क्यूच वापरावा असे आमचे मत आहे.

इमेज निघाल्यावर ताळा घ्यायचा:

सुडो एसएचए२५६सम /डेव्ह/एसडीबी पेन.आयएमजी

दोन ओळींत ६४-६४ अक्षरांचे ठसे येतात. ते हुबेहूब जुळले तर इमेज बरोबर. एक अक्षरही वेगळे असेल तर तीन शक्यता तपासा: मधे पेनड्राइव्ह माउंट होऊन त्यावर काही लिहिले गेले, सिंकने इमेज फुगली, किंवा पेनड्राइव्ह एकच सेक्टर दर वेळी वेगळा वाचतोय. दुसरी शक्यता आकारावरून लगेच कळते. ब्लॉकडेव्ह --गेटसाइज६४ ने डिस्कचे बाइट काढा आणि इमेजच्या बाइटांशी ताडून पाहा. तिसरी शक्यता असेल तर त्या पेनड्राइव्हवर यापुढे विश्वास ठेवू नये. ज्याचे सेक्टर आधीच खराब आहेत त्याचा ताळा मात्र घेऊ नका. पूर्ण पेनड्राइव्ह पुन्हा वाचायला लावणे म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्यातून वजाबाकी, आणि खराब सेक्टरपाशी ही कमांड तशीही थांबणारच. तिथे मॅप फाइल हाच पुरावा.

ठसा एका मजकूर फाइलीत ठेवून द्या आणि इमेज सीएचमॉड ४४४ ने फक्त वाचण्याजोगी करा. दुरुस्तीचे प्रयोग या इमेजवर नाही, तिच्या दुसऱ्या प्रतीवर. आत काय आहे ते पाहायचे असेल तर

सुडो लूसेटअप -एफ -पी -आर --शो पेन.आयएमजी

यातले पी मोठ्या अक्षरात, आणि कमांडचे रोमन स्पेलिंग एल-ओ-सेटअप. उत्तरात /डेव्ह/लूप० असे नाव येते. मग सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/लूप०पी१ /एमएनटी असे करून फाइली पाहता येतात. काही पेनड्राइव्हवर पार्टिशनचा तक्ताच नसतो, फाइल सिस्टिम थेट पहिल्या सेक्टरपासून सुरू होते; तिथे पी१ न लावता लूप० माउंट करा. एक्सटी४ असेल तर आरओच्या जोडीला नोलोड द्यावे, नाहीतर अर्धवट राहिलेले जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, पूर्ण करायला त्याला लिहायचे असते आणि ते जमत नाही म्हणून माउंट नाकारले जाते. माउंट होतच नसेल तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक यांना डिस्कऐवजी इमेज फाइलीचे नाव द्या, दोन्ही मुकाट्याने काम करतात. टेस्टडिस्क हरवलेली पार्टिशने शोधतो, तर फोटोरेक फाइल सिस्टिम बाजूला ठेवून फाइलींच्या सुरुवातीच्या खुणांवरून त्या उचलतो. म्हणूनच फोटोरेकमधून मूळ नावे मिळत नाहीत. चेक डिस्क किंवा लिनक्सवरचे तसेच एफएससीके चालवायचे ते शेवटी, आणि प्रतीवरच.

मॅकवर हेच काम करताना थोडे बदल. डिस्कयुटिल लिस्ट एक्स्टर्नल या कमांडने नाव शोधा, समजा डिस्क४ निघाले. डिस्कयुटिल अनमाउंटडिस्क /डेव्ह/डिस्क४ ने उतरवा. यात डिस्कचे डी अक्षर मोठे. डीडीच्या ओळीत डिस्क४ ऐवजी आरडिस्क४ लिहिले की कर्नलचा साठा वगळून थेट वाचन होते आणि वेग बराच वाढतो. बीएसमधले एम तिथे लहान लिहा. प्रगती पाहायला कंट्रोल-टी दाबा. लिनक्सवर डीडीला प्रगती विचारायला चालणारी यूएसआर१ सिग्नलची युक्ती मॅकवर वापरली तर डीडी बंद पडते. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आले तर सेटिंगमधल्या प्रायव्हसी भागात टर्मिनलला पूर्ण डिस्क वापरायची परवानगी द्यावी लागते.

इमेज परत पेनड्राइव्हवर टाकताना आयएफ आणि ओएफ जाणूनबुजून उलटे होतात, तेव्हा नाव तीनदा तपासा आणि शेवटी कॉन्व्ह=एफसिंक जोडा. नाहीतर आकडे भराभर पुढे जातात, कमांड संपल्यासारखी दिसते, पण बराच डेटा अजून रॅममध्येच असतो आणि पेनड्राइव्ह उपसला की अर्धे लिखाण वाया. ‘१६ जीबी’ छापलेले दोन पेनड्राइव्ह बाइटला बाइट सारखे नसतात. नवा थोडा जरी लहान असला तर इमेज मावणार नाही. मोठा असेल तर मावते, पण दिसते जुनीच क्षमता, आणि जीपीटी या पार्टिशन-तक्त्याच्या प्रकारात डिस्कच्या शेवटी असणारी तक्त्याची प्रत चुकीच्या जागी पडते. ती एसजीडिस्क -ई ने शेवटाला हलवता येते. मूळ आणि नवा हे दोन्ही एकदम संगणकाला लावू नका. दोघांचा यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक, एकच असतो, आणि कोणता खरा ते यंत्रणेला कळत नाही.

जागा वाचवायला इमेज जीझिप किंवा झेडस्टँडर्डने दाबता येते. पण रिकाम्या दिसणाऱ्या जागेत जुन्या पुसलेल्या फाइली असतात, त्यामुळे अपेक्षेएवढी दाबली जात नाही. बिटलॉकर किंवा लक्सने कुलूपबंद केलेला पेनड्राइव्ह तर जवळजवळ दाबला जातच नाही, आणि त्याची इमेज उघडायलाही तोच पासवर्ड लागतो.

पुसलेल्या फाइलीही इमेजमध्ये येतात, म्हणून ती कोणाला पाठवताना विचार करावा. पेनड्राइव्हवरून पुसलेला पगाराचा तक्ता, ओळखपत्राची स्कॅन केलेली प्रत, जुने फोटो, सगळे तिच्यात असू शकते आणि फोटोरेकसारखे फुकटचे साधन ते बाहेर काढते. समोरच्याला दोन फाइलीच हव्या असतील तर दोन फाइलीच पाठवा. दुरुस्तीसाठी इमेज द्यावीच लागली तर ती पासवर्ड घालून द्या, आणि काम झाल्यावर त्याच्याकडची प्रत पुसली का ते विचारा.

आपले,
संगणक देखभालीचे काम करणारे काही वाचक